वासाचा तास

उकळत्या जांभळांचा वास आधी गोड येतो, मग तुरट होतो, आणि शेवटी जिभेच्या मुळाशी शाईसारखा रेंगाळतो. त्यात थोडा कापूर, थोडा ओला खडू आणि स्पिरिटच्या दिव्याची कोरडी ऊब मिसळली, की आमच्या शाळेची प्रयोगशाळा तयार होते. दार उघडलं की हा वास आधी व्हरांड्यात येई, आणि त्याच्यामागून बाई येत. पदराला लाकडी चिमटे लावलेले, बोटांची टोकं जांभळी, मान किंचित वर. वाऱ्यावर लिहिलेलं काहीतरी वाचत असल्यासारखी.

शाळेत शिकवणाऱ्या आम्ही सगळ्याच बाई होतो. कुणी गणिताच्या, कुणी चित्रकलेच्या, मी मराठीची. पण पुढेमागे काही न लावता नुसतं 'बाई' म्हटलं, की त्या. विज्ञानाच्या. जांभळं उकळायची ती त्यांच्या लिटमससाठी. विकतचा लिटमस कागद त्यांनी वर्ज्य केला होता. "आपल्याकडे टेकडीवर लिटमस झाडाला लागतो. पोरांनी तो दुकानात का शोधावा?" जांभळाच्या रसात बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या दोरीवर वाळत, आणि चिमटे त्यासाठी. दोरीवरचे चिमटे पदरावर येत, पदरावरचे कधी एखाद्या मुलाच्या नाकावर जात. शिक्षा म्हणून नव्हे. तोही प्रयोगच असे.

मी देशावरून, साताऱ्याकडून इथे आले तेव्हा नवी होते. शाळा जुन्या हायवेपासून आत, भातशेतीच्या मधोमध. मैदानात उभं राहिलं की समोर माथेरानचा सपाट माथा, आणि त्याच्या पायथ्याशी वाड्यांची धुरकट छपरं. पहिल्या दिवशी मी केसांत मोगऱ्याचा गजरा माळून गेले होते. व्हरांड्यात एक उंच, सावळ्या बाई माझ्यासमोर येऊन थांबल्या. नमस्कार नाही, नाव विचारणं नाही.

"गजरा सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "तेवढा पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी काढून ठेवा. नववीला आज माझा वासाचा तास आहे, आणि वारा तुमच्याकडून माझ्याकडे येतोय."

मी गजरा काढून ठेवला, आणि मोकळा तास होता म्हणून नववीच्या मागच्या बाकावर जाऊन बसले.

बाईंनी दारंखिडक्या लावून घेतल्या. एका कोपऱ्यात अत्तराची लहानशी बाटली उघडून ठेवली. "वास आला की हात वर. शेजाऱ्याचा हात पाहून वर करायचा नाही, आपल्या नाकाला विचारून करायचा." मग त्या कोपऱ्यातून एक हात उगवला, दुसरा, तिसरा. भाताची रोपं वाऱ्याने ओळीओळीने हलावीत तसे हात उठत गेले, आणि अदृश्य असं काहीतरी वर्गातून चालत येताना आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. ते माझ्या बाकापर्यंत पोहोचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

पण बाईंचा तास तिथे संपत नसे. त्यांनी खिडक्या उघडल्या, वर्ग मोकळा होऊ दिला, आणि त्याच कोपऱ्यातल्या मुलीच्या कानात काहीतरी सांगितलं. "आता ही पुढे सांगेल. ज्याला बातमी पोहोचेल त्यानं हात वर करायचा." हात पुन्हा उगवले. या खेपेला भराभर, आणि खुसखुसत. शेवटच्या बाकावरच्या मुलाला बाईंनी विचारलं, "काय आलं तुझ्यापर्यंत?"

"उद्यापास्नं चार दिस सुट्टी. हेडसरांचं सासरं वारलं."

कोपऱ्यातली मुलगी कळवळली. "बाई, तुमी एवडंच बोल्लात, उद्या एक तास आधी सुट्टी."

नेमके त्याच वेळी मुख्याध्यापक खिडकीवरून चालले होते. ते थबकले. "माझे सासरे? कधी?"

हशा ओसरल्यावर बाईंनी जो प्रश्न फळ्यावर लिहिला तो मी अजून बरोबर वागवते. अत्तर जसजसं पसरलं तसतसं पातळ होत गेलं. बातमी पसरली तसतशी दाट का झाली?

उत्तर त्यांनी दिलं नाही. उत्तरं देण्याची त्यांना घाईच नसे.

पुढच्या आठवड्यात तोच तास त्यांनी दुसऱ्या वर्गावर घेतला. मी पुन्हा मागच्या बाकावर. तीच बाटली, तोच कोपरा, तशीच हातांची लाट. सगळे हात वर झाल्यावर बाईंनी बाटली उचलली, तोंडाला लावली, आणि घटाघटा प्यायल्या. पाणी होतं. वर्गात जे पसरलं होतं ते केवळ मागच्या वर्गाकडून ऐकलेलं अत्तर होतं. माझाही हात वर होता. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला कसला आला?"

"गुलाबाचा," मी म्हटलं. खरंच आला होता.

"मराठीच्या बाईंना गुलाब आला," त्यांनी वर्गाला गंभीरपणे सांगितलं. "लक्षात असू द्या. कवीच्या नाकाला पाणी पुरतं."

त्या दिवसापासून त्या मला 'अगं' म्हणू लागल्या.

त्यांच्या वर्गाच्या फरशीवर खडूची तीन रिंगणं आखलेली असत. एकात लिहिलेलं 'पाहिलं', दुसऱ्यात 'ऐकलं', तिसऱ्यात 'वाटलं'. सकाळी परिपाठानंतर ज्याला बातमी सांगायची असेल त्याने योग्य त्या रिंगणात उभं राहून सांगायची. मोबाइलवर आलेली असो, गावातली असो, घरातली असो. वाडीवरून येणारी वनिता एकदा मोठ्या ऐटीत 'पाहिलं'मध्ये जाऊन उभी राहिली.

"बाई, आमच्या वाडीव बिबट्या आल्ता."

"सबंध बिबट्या पाहिलास?"

"पाय उमाटलेले पायले."

"बिबट्याचेच कशावरून?"

"आजा बोल्ला." असं म्हणता म्हणता ती आपणहून 'ऐकलं'कडे सरकली.

"आणि रात्री झोप लागली का गं?"

"नाय लागली." तिचा एक पाय 'वाटलं'मध्ये गेला. दोन रिंगणांत दोन पाय टाकून ती बापडी उभी, आणि वर्ग हसतोय.

"हसू नका," बाई म्हणाल्या. "बहुतेक बातम्या अशाच उभ्या असतात. फक्त त्यांचे पाय आपल्याला दिसत नाहीत."

शिक्षकखोलीतही ही रिंगणं त्यांच्या बोलण्यात असत. शिपाईकाका येऊन सांगत, "बाई, सायेब आले."

"तुम्ही पाहिले?"

"गाडी पायली."

"मग गाडी आली म्हणा."

"आवो, गाडीत सायेबच आसनार ना."

"काल त्याच गाडीतून कलिंगडं उतरली होती, काका."

काका जाताना माझ्याकडे बघून डोळे फिरवत. पण पुढे पुढे तेही येऊन सांगू लागले, "बाई, गाडी आलीय. आत कोन हाय ते बघून येतो."

शाळा सुटली की आम्ही दोघी एकाच एसटीने जात असू. मी कर्जत स्थानकापाशी उतरे, त्या त्याआधी दहिवलीला. खिडकीशी बसून त्या डोळे मिटून घेत. मला आधी वाटायचं, थकतात. मग कळलं, त्या रस्ता हुंगत असत. "लाकडाची वखार गेली. आता पोह्यांची गिरणी. आज कुणीतरी बांधावर निरगुडी तोडलीये. आता पूल येईल, नदीला शेवाळ चढलंय." आणि पूल येई. दहिवलीचा थांबा यायच्या अगोदर त्या पदर सावरून उठत. एका घरी रोज त्या वेळेला लसूण परतला जाई. कंडक्टरने कधी बेल चुकवली तरी बाईंचा थांबा चुकत नसे. त्यांच्याशेजारी बसून मी शब्दांतली माझी अर्धी मिजास गमावली. माझ्या कवितांमधून 'मंद' आणि 'धुंद' कायमचे हद्दपार झाले ते त्या बसमध्ये.

मग ती तापाची साथ आली. शाळा बंद झाल्या, खूप उशिरा उघडल्या. बाईही त्यातून उठल्या होत्या. परतल्या तेव्हा गळ्याची हाडं दिसत होती. बसमध्ये खिडकीशी बसल्या, आणि त्यांनी डोळे उघडे ठेवले. त्या रस्त्याकडे अशा पाहत होत्या, जणू परक्या गावात आल्या आहेत आणि पाट्या वाचत चालल्या आहेत.

ज्या दिवशी ते उघड झालं त्या दिवशी मी काही निरोप घेऊन प्रयोगशाळेकडे निघाले होते. सडक्या अंड्यांचा वास व्हरांड्याच्या टोकालाच माझ्या अंगावर आला. दहावीचा तो ठरलेला प्रयोग. परीक्षानळीत आम्ल ओतलं की तो वायू निघतो. आत पाहिलं तर सगळी मुलं खिडक्यांना चिकटलेली, कुणाच्या नाकावर रुमाल, कुणाच्या नाकावर बाईंचाच चिमटा. आणि बाई परीक्षानळीवर वाकून उभ्या, शांत, वाट पाहत.

"अजून का निघत नाही रे? आम्ल जुनं झालं वाटतं."

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी प्रथमेश नावाचा एक दांडगट मुलगा, ज्याच्या खोड्यांना अख्खी शाळा कंटाळलेली असे, तो इतक्या मऊ आवाजात बोलला की मला आवाज कुणाचा ते आधी कळलं नाही. "बाई, कवाच निगालाय."

बाई सरळ झाल्या. नळीला बूच लावलं, ती खिडकीबाहेर कठड्यावर नेऊन ठेवली, हात धुतले, पुसले. मग त्या चालत पुढे आल्या आणि 'वाटलं'च्या रिंगणात उभ्या राहिल्या.

"घरी मी इथं उभी होते," त्या म्हणाल्या. मग एक रिंगण ओलांडून 'पाहिलं'मध्ये गेल्या. "आता इथं आहे. माझं नाक गेलं आहे, पोरांनो. कधी येईल ते ठाऊक नाही. येईल की नाही तेही ठाऊक नाही. प्रयोग मांडायला हवा."

प्रयोग मांडला गेला. चुन्याच्या रिकाम्या डब्या धुऊन, वाळवून, त्यांना कागद चिकटवले. रोज एका मुलाने डबीत काहीतरी वासाचं आणायचं, काय ते कुणाला सांगायचं नाही. बाई डोळ्यांवर पदर ओढून हुंगत आणि म्हणत, "काही नाही." आंब्याचा मोहोर आला. हिंग आला, सुका जवळा आला, शेळीच्या लेंड्या आल्या. काही नाही. कुणीतरी आजोबांची तपकीर आणली तेव्हा बाईंना शिंक आली आणि वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. "शिंक म्हणजे वास नव्हे," बाई नाक पुसत म्हणाल्या. "मिरची डोळ्याला झोंबते, म्हणून डोळा काही चव घेत नाही. टाळ्या परत घ्या."

मुलांना धीर निघेना. एके दिवशी प्रथमेशने आणलेली डबी बाईंनी हातात घेतली, आणि वर्गाने श्वास रोखला. तो दर दोन मिनिटांनी दाढ दुखत असल्यासारखा गाल धरून कण्हत होता. मागच्या बाकावरून कुणीतरी मसालेभात, मसालेभात, असं पुटपुटत होतं.

बाईंनी डबी हुंगली नाही. ती कानाशी नेऊन हलवली. "खुळखुळते. वजन कमी. वर दाढ दुखते आहे, आणि भात शिजतो आहे." त्यांनी पदर डोळ्यांवरून काढला. "लवंग. बातमी तीन वाटांनी आली रे बाळा. नाकाच्या वाटेनं नाही आली."

"पन आली ना, बाई."

"मला लवंग कळली, एवढंच झालं. वास आला असं म्हटलं तर खोटं होईल."

"बोलायचं थोडं खोटं. कुनाचं काय जातंय?"

मला वाटलं, आता त्या रागावतील. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही. "माझं जातं," त्या म्हणाल्या. "मग खरा आला तर मला कळणार कसा?"

वासाचा तास मात्र त्यांनी बंद केला. अत्तराची बाटली कपाटात गेली. नववीची नवी मुलं येऊन विचारत, बाई, आमाला कवा तो तास? मोठ्या भावंडांकडून त्यांनी ऐकलेलं असे. "जे मला तपासता येत नाही ते मी शिकवत नाही," एवढंच त्या सांगत. मी बसमध्ये त्यांच्या बाजूला बसून माझ्या परीने प्रयत्न करी. एकदा स्थानकाबाहेरून सोनचाफ्याचं फूल घेतलं आणि त्यांच्यासमोर धरलं. म्हटलं, "बाई, मी सांगते. हा पिवळा वास आहे. उन्हात तापलेल्या पितळेवर मध सांडावा, तसा."

त्यांनी ऐकून घेतलं. मग फूल माझ्या हातात परत दिलं. "हे तू फुलाचं नाही सांगितलंस, अगं. तुझं सांगितलंस. मला ऐकीव वास नको."

ते फूल मी कर्जतपर्यंत मुठीत धरून नेलं.

त्यानंतर त्या संदेशाचा दिवस. सकाळची मधली सुट्टी संपत आली होती. आधी एका शिक्षकांचा मोबाइल वाजला, मग सगळ्यांचे. घाबऱ्या आवाजातला निरोप होता: जुन्या हायवेवर टँकर उलटलाय, विषारी वायू सुटलाय, वास येऊ लागला की समजा आणि पोरांना घेऊन पळा. फाटकाशी दुचाकी जमू लागल्या. आया रडवेल्या होत्या. मुख्याध्यापक नाकाला रुमाल लावून व्हरांड्यात आले. "येतोय," ते म्हणाले. त्यांच्या पाठोपाठ शिपाईकाका म्हणाले, येतोय. वर्गावर्गांतून तोच शब्द उठला. मलाही आला. घशाच्या मागे, कडवट. कुणीतरी खोकलं, आणि मग सगळेच खोकू लागले.

मुख्याध्यापक बाईंकडे वळले. विज्ञानाच्या म्हणून, सवयीने. "बाई, तुम्ही सांगा. येतोय की नाही?"

विचारल्यावर त्यांच्या लक्षात आलं. आमच्या सगळ्यांच्याच आलं. व्हरांड्यात क्षणभर कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

"माझ्या नाकाला विचारू नका, सर," बाई म्हणाल्या. "तुम्ही पोलीस चौकीला फोन लावा. टँकर कुठं, आणि त्यात काय, एवढं विचारा. मुलांना मी टेकडीच्या चढावर नेते. वारा हायवेकडे वाहतोय, वायू असलाच तर तिथं शेवटी पोहोचेल."

चढावर मुलं रांगेत बसली, दप्तरं पाठीला, चपला पायांत, निघा म्हटलं की निघायच्या तयारीत. पालकही मागोमाग आले. आणि तिथे त्या ओरडत्या-रडत्या घोळक्यात बाईंनी कागदाचे तुकडे वाटले. "एक अक्षर बोलायचं नाही. वास कशासारखा येतो ते लिहा. येत नसेल तर कोरा ठेवा. मोठ्यांनीसुद्धा."

तुकडे गोळा झाले. बाई एका दगडावर उभ्या राहून मोठ्याने वाचू लागल्या. रॉकेल. सडकी अंडी. नेलपॉलिश. जळकं रबर. लसूण. फिनेल. हॉस्पिटल. शिपाईकाकांनी लिहिलं होतं, कडू औषध. मग बाई एका तुकड्यापाशी थांबल्या. चष्मा वर केला, पुन्हा वाचलं.

"'सोललेल्या बदामासारखा, कडवट, जांभळट.'" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जांभळट. वास."

आधी एक मुलगी फिसकली, मग रांगच्या रांग. हसण्याने खोकला पळाला.

"एक टँकर, आणि एवढे वास," बाई म्हणाल्या. "टँकर आहे की किराणा मालाचं दुकान?"

तेवढ्यात खालून मुख्याध्यापक हात हलवत चढ चढून आले, धापा टाकत. टँकर खरोखर उलटला होता. त्यात गोडंतेल होतं. आणि हायवेवरची मंडळी पळत नव्हती. भांडी घेऊन रस्त्यावर उतरली होती. हे ऐकताच पालकांमधला एक हळूच फाटकाशी लावलेल्या गाडीकडे निघाला. "डबा हाय का रं कुनाकडं?" त्याने शेजाऱ्याला विचारलं.

त्या दिवशी बाईंचं सगळीकडे कौतुक झालं. सरपंच येऊन भेटून गेले. संध्याकाळपर्यंत तो कागदांचा प्रकार चार गावांत पसरला होता, आणि अर्थातच दाट होत होता. एका गावात म्हणे बाईंनी टँकर स्वतः हुंगला होता.

शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेत गेले. बाई खिडकीशी बसल्या होत्या. कागदाचे तुकडे समोर पसरलेले, आणि त्यातले मोजके कोरे त्यांनी बाजूला काढून एकावर एक रचून ठेवले होते.

"खरा असता तर?" त्या म्हणाल्या.

"नव्हता ना, बाई."

"असता तर मला सगळ्यांच्या शेवटी कळलं असतं. मी बरोबर ठरले ते कागद वाटून. तेवढा वेळ खऱ्या वायूनं दिला नसता." त्यांनी कोऱ्या तुकड्यांची चळत माझ्यापुढे सरकवली. "दिवसभर हेच मोजतेय. पोरांसमोर बोलले नाही."

मी म्हटलं, मी उभी राहीन तुमच्याशेजारी. प्रत्येक प्रयोगाला. मी हुंगेन आणि सांगेन, तुम्ही शिकवा. वासाचा तास पुन्हा सुरू करा, मुलं वाट पाहताहेत. मी पुष्कळ बोलले. बोलता बोलता माझा आवाज चिरकला तेही आठवतं.

"तुला जांभळट वास येतो," त्या हसल्या. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे भरून आले. "अगं, नाक गेलं त्याचं मी सोसलं असतं. पण दुसऱ्याच्या नाकावर जगायचं, दुसरा सांगेल ते आपलं मानायचं, हे मला येत नाही. तीस वर्षं मी पोरांना तेच करू नका म्हणून शिकवलं. आता मी कुठल्या तोंडानं करू?"

महिन्याअखेर त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. पुण्याला धाकट्या भावाकडे गेल्या, एका उंच इमारतीत. निरोपाच्या समारंभात मुलांनी त्यांना काही देऊ केलं नाही. काय द्यावं ते कुणालाच सुचलं नाही. फुलं द्यायची तरी कशी?

आता विज्ञानाला तरुण सर आले आहेत. मनाने चांगले आहेत, मेहनती आहेत. पडद्यावर ते अत्तराच्या कणांची हलती चित्रं दाखवतात. लाल ठिपके कोपऱ्यातून निघून वर्गभर पसरतात, आणि मुलांना समजतं. मी व्हरांड्यातून जाते तेव्हा दार उघडं असतं आणि आतून काहीच येत नाही. थंड, स्वच्छ हवा. तेव्हा माझ्यातलं काहीतरी लहान मुलासारखं उभं राहून त्या दाराकडे बघत राहतं.

बाईंचा फोन येई, अधूनमधून. सारी विचारपूस नेमकी. शाळेला रंग दिला म्हणे, कुणी सांगितलं, तू पाहिलास का? नदीचं पाणी कुठवर? वनिता कॉलेजात गेली का, की नुसतं नाव घातलंय? वाऱ्याची दिशा विचारत, आभाळ विचारत. वासाचं कधीच नाही. मीही काढत नसे. आमच्या बोलण्यात तेवढी एक खोली कुलूप लावून ठेवलेली होती, आणि आम्ही दोघी तिच्या दारावरून पाऊल न वाजवता जात होतो.

गेल्या आश्विनात, एका रविवारी, ऊन चढताना मी शेतात गेले होते. आजूबाजूचं सगळं भात निसवलं होतं. लोंबीलोंबीवर कणभर पांढरी फुलं उघडलेली. ती तेवढ्याच वेळापुरती उघडतात आणि मिटतात. तोडून नेता येत नाहीत, कशात भरून ठेवता येत नाहीत. ज्याला त्यांचा वास हवा त्याने त्या वेळी त्या बांधावर असावं लागतं. मी उभी होते, आणि फोन वाजला.

"कुठं आहेस?"

"बांधावर, बाई."

"काय करतेस?"

"उभी आहे."

"भात निसवलं?"

"कालपासून."

"कालपासून कशावरून?"

"काल आले होते. पाहिलं."

"मग ठीक." पलीकडे कुकरची शिटी झाली, कुणाचं तरी बोलणं, लिफ्टचं दार. मग त्या म्हणाल्या, "डॉक्टरांकडे जाऊन आले. आता परत यायचा नाही म्हणतात. मी विचारलं, कशावरून? त्यांनी सगळं समजावून सांगितलं. पटण्यासारखं होतं."

वारा आला, शेत माझ्याकडे झुकलं, आणि त्याच्याबरोबर तो वास आला. माझ्या चेहऱ्यावर, पदरात, श्वासात. मी ओठ घट्ट मिटून घेतले. त्यांना ऐकीव नको होतं, आणि मला त्यांच्यापाशी खोटं ठरायचं नव्हतं.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दार लावून घेतल्याचा. कुकर, माणसं, लिफ्ट, सगळं दाराआड गेलं, आणि फोनमध्ये फक्त त्यांचा श्वास उरला.

मग बाई म्हणाल्या, "सांग."